रात्रीचं लिहिलेलंच नाही

“बाई, रात्रीचं लिहिलेलंच नाही.”

चौथीतली ती मुलगी उताऱ्यावरून बोट फिरवत मला दाखवत होती. तिचं म्हणणं खरंच होतं. ‘रात्र’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. उतारा मीच लिहिलेला, पाच वाक्यांचा:

‘संध्याकाळी वारा एकदम पडला. काठावरच्या मुंग्या अंडी घेऊन झाडावर चढू लागल्या. नावाड्याने रोजच्या एका दोराऐवजी दोन दोरांनी होडी खोडाला बांधली आणि वल्ही घरी नेली. सकाळी तो काठावर आला, तेव्हा एक दोर तुटून लोंबत होता. त्याने होडीच्या कडेवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच उभा राहिला.’

मी तिला एवढंच विचारलं होतं, “रात्री काय झालं असेल गं?”

याच उताऱ्यावरच्या लेखी प्रश्नांत तिला पैकीच्या पैकी गुण होते. होडी कशाला बांधली? खोडाला. मुंग्या काय घेऊन चढू लागल्या? अंडी. सकाळी काय लोंबत होतं? एक दोर. अक्षर टपोरं, शुद्धलेखन बिनचूक. प्रकट वाचनात वर्गात पहिली. कुणी वर्ग बघायला आलं की वाचायला आम्ही तिलाच उभं करायचो. आणि तिच्या मनात त्या रात्री वादळ आलंच नव्हतं. दोर तुटला होता, पण का तुटला हा प्रश्न तिला पडला नव्हता. मुंग्या एका वाक्यात, दोर दुसऱ्या वाक्यात, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मी तिच्याजवळ बसले तेही तोंडी परीक्षेचा एक रकाना भरायचा राहिला होता म्हणून. तो रकाना नसता, तर ‘आकलन उत्तम’ असा शेरा मारून मी तिला पुढच्या वर्गात पाठवलं असतं. याआधी असे किती शेरे मारले असतील, हा विचार त्या दिवशी घरी जाताना मनातून जाईना.

त्या रात्री मी माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसले. प्रश्न वाचून बघताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मग तीच दिसत राहिली. पुढचं वाक्य बघा: ‘फुरट्या झोंबीने काल लपकीत चिमकी ढुसवली.’ आता सांगा, चिमकी कोणी ढुसवली? फुरट्या झोंबीने. कोठे ढुसवली? लपकीत. केव्हा? काल. तीनही उत्तरं बरोबर आली आणि वाक्याला तर काही अर्थच नाही! आपली भाषा विभक्तीची. ‘कोणी’ विचारलं की ‘ने’ शोधायचं, ‘कोठे’ विचारलं की शेवटी ‘त’ असलेला शब्द शोधायचा, ‘कोणाला’ विचारलं की ‘ला’. मुलं हे कुणी न शिकवता शिकतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकायचा, ते वाक्य पकडायचं, त्यातला योग्य प्रत्ययाचा तुकडा उचलून लिहायचा. हेही कौशल्यच आहे आणि त्याला व्याकरणाची जाण लागते. पण मी त्यालाच आकलन म्हणत होते. माझ्या दहा प्रश्नांपैकी सात या जातीचे निघाले.

मग दुसरी शंका आली. दुसऱ्या दिवशी वर्गात एक न वाचलेल्या उताऱ्यावरची प्रश्नपत्रिका दिली, फक्त उतारा दिलाच नाही. “उतारा कुठाय?” म्हणून गलका झाला. म्हटलं, आज उताऱ्याशिवाय, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. दहातल्या चार प्रश्नांना निम्म्याहून जास्त मुलांची उत्तरं बरोबर आली. झाडं का तोडू नयेत, आळस केल्याने त्या मुलाचं काय झालं, आजीने नातवाला काय उपदेश केला. यासाठी उतारा वाचायची गरजच काय? पर्याय दिलेले असले तर आणखी सोपं. चार पर्यायांत चांगल्या वागणुकीचा जो दिसेल त्यावर खूण करायची.

ही माझ्या एकटीच्या प्रश्नपत्रिकेची गत नव्हती, हे नंतर वाचताना कळलं. जॅनिस कीनन आणि रेबेका बेट्जमन या संशोधकांनी २००६ साली एका नामांकित इंग्रजी वाचनचाचणीचे प्रश्न उतारा न दाखवताच सोडवायला दिले होते. त्यातले बहुतेक प्रश्न नुसत्या अंदाजाने येतील त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर सुटले. तेव्हापासून माझा नियम झाला: प्रश्न काढला की आधी उतारा न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारायचा. त्यांना उत्तर आलं की तो प्रश्न बाद.

प्रश्न बाद करणं सोपं होतं. त्यांच्या जागी काय आणायचं, यात माझे पुढचे तीन-चार महिने गेले.

सुरुवात गाळलेल्या जागांनी केली, कारण तपासायला सोप्या. उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि मुलांनी तो ओळखायचा. ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडली. पहिली अडचण मराठीची. इंग्रजीत नावाशेजारी वेगळे उभे राहणारे शब्द आपल्याकडे प्रत्यय होऊन नावालाच चिकटतात, त्यामुळे ‘दर पाचवा शब्द’ गाळला की कधी अख्खा ‘नावाड्यानेसुद्धा’ जायचा आणि मुलं हवालदिल व्हायची. दुसरी अडचण गुणांची. टेलर यांच्या पद्धतीत लेखकाचा नेमका शब्दच धरतात. माझ्या वर्गात एकाने ‘काठावर’ऐवजी ‘तीरावर’ लिहिलं. त्याला शून्य देताना हात चालेना. पण खरी गोम तिसरीच होती. एकदा छापताना उताऱ्यातल्या वाक्यांचा क्रम चुकून उलटसुलट झाला. शेवटचं वाक्य मध्ये, मधलं सुरुवातीला. तरीही मुलांचे गुण जवळजवळ तेवढेच आले! म्हणजे मुलं एका वाक्यापुरतं बघून शब्द बसवत होती; वाक्यावाक्यांचा सांधा जुळला की नाही, हे या चाचणीला कळतच नव्हतं. टिमोथी शनाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली वाक्यं मुद्दाम विस्कटून हेच दाखवलं होतं. माझ्या त्या मुलीचं दुखणं नेमकं सांध्याचंच होतं. गाळलेल्या जागांत तिला पुन्हा पूर्ण गुण मिळाले.

तेव्हा ठरवलं की एकेका मुलाला जवळ घेऊन बसायचं. उतारा मनात वाचायला द्यायचा, मग तो पालथा घालायचा आणि म्हणायचं, “आता मला सांग, काय काय झालं?” मूल बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. मूल दोन वाक्यं बोलून थांबलं की माझ्या तोंडून “आणि मग दोर...?” निघालंच म्हणून समजा. एकदा मोबाइलवर स्वतःचं बोलणं ऐकलं, तर अर्धी गोष्ट मीच सांगत होते आणि मूल “हो” म्हणत होतं. मग वहीत दोन रकाने केले. मुलाने आपणहून सांगितलेलं डावीकडे, मी विचारल्यावर सांगितलेलं उजवीकडे. डावीकडचं वाढतंय का, हे बघायचं.

यातही खाचखळगे होते. ज्यांच्या घरात गोष्टी सांगण्या-ऐकण्याचा राबता, ती मुलं भरभर सांगत. लाजाळू मुलांना सगळं कळूनही तोंड उघडत नसे. एक मुलगा तर माझ्यासमोर आला की घामेजायचा. प्रकट वाचनही अडखळत, “ना... वा... ड्या... ने” असं. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेला. त्याच्या नावापुढे मी वर्षाच्या सुरुवातीलाच ‘आकलन कमी’ लिहून ठेवलं होतं. एक दिवस त्याच धर्तीचा दुसरा उतारा मीच त्याला वाचून दाखवला आणि म्हटलं, “बोलू नकोस. करून दाखव.” त्याने खोडरबर घेतलं, ती झाली गुराख्याची शेळी. पट्टी आडवी ठेवली, तो ओढा. पेन्सिलीचं टोपण म्हणजे गुराखी. ओढ्याला पाणी चढलेलं उताऱ्यात स्पष्ट म्हटलेलं नव्हतं. ‘कालचे दगड आज दिसत नव्हते’ एवढंच होतं. त्याने टोपण पट्टीपाशी आणलं, थांबवलं आणि मागे फिरवलं. मग हळूच म्हणाला, “दगड बुडले ना. कसा जाईल?”

मी त्याच्या नावापुढचा शेरा तिथल्या तिथे खोडला.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून होणारं आकलन म्हणजे अक्षरं-शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्याजवळ गेलं की दुसरं कितीही असलं तरी गुणाकार शून्याजवळच. हे मी शिकताना पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मुलगा आणि मुलगी अशी शेजारी शेजारी दिसेपर्यंत ते मला उमगलं नव्हतं. त्याला ऐकून सगळं कळत होतं, त्याचा सराव शब्द ओळखण्याचा हवा होता, जोडाक्षरांचा, ओघाचा. तिला मी तोच उतारा वाचून दाखवला तरी “दगड दिसत नव्हते, कुणीतरी नेले असतील” असं ती म्हणाली. तिला आणखी प्रकट वाचन देऊन काहीच होणार नव्हतं. गुणपत्रकात मात्र ती पहिली आणि तो शेवटून दुसरा.

तिच्यासारखी मुलं चटकन हाती लागत नाहीत, कारण वर्गात वाचन म्हणजे आवाज. खणखणीत आवाजात न अडखळता वाचलं की आपलं समाधान होतं. आपण पुढे सरकतो.

मग मी एक वेगळाच प्रयोग केला, याची कल्पना एलेन मार्कमन यांच्या १९७९ सालच्या कामातून मिळाली. त्यांनी तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना असे परिच्छेद ऐकवले होते, ज्यांत आतल्या आत विसंगती होती. समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि तिथले मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात! बऱ्याच मुलांना त्यात काही खटकलंच नाही. मी माझ्या वर्गासाठी लिहिलं: ‘घरात कुणीच नव्हतं. दार आतून बंद होतं. त्याने कडी वाजवली आणि बहिणीने लगेच दार उघडलं.’ खाली एकच प्रश्न: हे लिहिणाऱ्याला तुम्हाला काही सांगायचं आहे का? बहुतेकांनी लिहिलं, ‘छान लिहिले आहे.’ काहींनी ‘दार’ शब्दाचं अक्षर नीट काढा म्हणून सुचवलं. एकाने पूर्णविराम मोजले. तिघांनीच विचारलं की घरात कुणी नव्हतं तर बहीण कुठून आली.

हा कागद मी आजही जपून ठेवला आहे, कारण इथून माझं तपासणं आणि शिकवणं वेगळं राहिलं नाही. तोवर मी आकलनाचे प्रश्न विचारत होते, पण समजून घ्यायचं कसं, हे कधी शिकवलं नव्हतं. डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस वर्गावर्गांत बसून शिक्षकांचं निरीक्षण केलं होतं, तेव्हा आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेला वेळ एक टक्क्याहूनही कमी भरला. प्रश्न विचारण्यात मात्र भरपूर वेळ जात होता. माझा तास कुणी मोजला असता तर वेगळं निघालं नसतं. आता रोज पाच मिनिटं मी फळ्यापाशी उभी राहून मोठ्याने विचार करत वाचायला लागले. “वारा पडला. बरं, मग? मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात. वर का चालल्या असतील? खाली काही होणार आहे का? थांबा, मागचं पुन्हा वाचते.” मुलांना सुरुवातीला मजा वाटली. बाईंनाही परत वाचावं लागतं हे बघून काहींचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. परत वाचणं म्हणजे चूक कबूल करणं, असं त्यांना वाटत होतं.

एक ठेच मात्र जोरात लागली. मी एक उतारा यंत्रमागावर दिला. माझ्या मते सोपा. वर्गातली एरवी मागे पडणारी दोन मुलं भराभर बोलायला लागली, ताणा काय, बाणा काय, धागा तुटला की काय होतं. त्यांच्या घरी माग होता. आणि एरवीची हुशार मुलं गप्प. त्या दिवशीच्या नोंदी वाचल्या असत्या तर वर्गाचा क्रमच उलटा लागला असता. रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा उतारा देऊन, काय घडलं ते मैदानाच्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे एका उताऱ्यावरून मूल ‘आकलनात कच्चं’ ठरवणं हा त्या मुलावर अन्याय. तेव्हापासून मी कुठलाही शेरा तीन वेगवेगळ्या विषयांच्या उताऱ्यांशिवाय लिहीत नाही, आणि उताऱ्याआधी “याबद्दल तुला काय माहीत आहे?” हे विचारून त्याचीही नोंद ठेवते.

वेळेचं काय, हा प्रश्न शिक्षकखोलीत रास्तपणे विचारला गेला. एका मुलाला सात-आठ मिनिटं लागतात. मी आठवड्याला पाच मुलं घेते, बाकीची मुलं त्या वेळी मूकवाचन करतात. पहिले दोन आठवडे मूकवाचनाचा नुसता बाजार भरला होता, नंतर बसलं. लेखी परीक्षाही सोडलेली नाही. प्रश्न दहावरून चारवर आणले. एक सरळ माहितीचा, कारण तीही शोधता आली पाहिजे. तीन असे की उत्तर दोन-तीन वाक्यं जोडल्याशिवाय येत नाही. आणि प्रत्येकापुढे ‘कशावरून?’ त्याचं उत्तर लिहायचं नाही, उताऱ्यातल्या त्या शब्दांखाली रेघ मारायची. लेखनात कच्च्या मुलांना याचा फार आधार झाला.

दुसरी हरकत जास्त गंभीर होती. “तोंडी ऐकून दिलेले गुण तुमच्या मर्जीचे.” मला हे लागलं, पण ते खरं असू शकत होतं. म्हणून शेजारच्या वर्गाच्या बाईंनी आणि मी एकाच मुलीचं ध्वनिमुद्रण वेगवेगळं ऐकून गुण दिले. मी पाचपैकी चार, त्यांनी दोन. भांडणच झालं जवळजवळ. मग दोघींनी मिळून पुन्हा ऐकलं, कुठल्या वाक्याला मी काय समजले आणि त्या काय समजल्या ते बोललो. लक्षात आलं की मी त्या मुलीला ओळखत होते, म्हणून तिच्या अर्धवट वाक्यांत माझा अर्थ भरत होते. आता महिन्यातून एकदा आम्ही वह्या आणि ध्वनिमुद्रणं अदलाबदल करतो. एका गुणाचा फरक पडतो. दोनचा क्वचित.

पालकसभेत त्या मुलीची आई आली. पैकीच्या पैकीवरून गुण खाली आलेले बघून तिचा चेहरा उतरला. “बाई, घरी तर रोज वाचते हो ती.” मी तिला वही दाखवली, डावा रकाना, उजवा रकाना. म्हटलं, तिने वाचलं की “मग पुढं काय होईल गं?” एवढं विचारत जा, उत्तर चुकलं तरी चालेल. त्या माउलीने बराच वेळ वही खाली ठेवली नाही. मग म्हणाली, “मला स्वतःला वाचता येत नाही फारसं. पण हे विचारता येईल.”

वर्षाच्या शेवटी मी मुद्दाम तोच नावाड्याचा उतारा पुन्हा काढला, या वेळी सगळ्या वर्गापुढे. रात्री वादळ झालं, हे आता बहुतेकांनी सांगितलं, मुंग्यांखाली आणि तुटलेल्या दोराखाली रेघा मारून. त्या मुलीनेही. मग शेवटचा प्रश्न विचारला: नावाडी बराच वेळ तसाच का उभा राहिला? माझ्या उत्तरसूचीत लिहिलेलं होतं, ‘होडी वाचली म्हणून त्याला हायसं वाटलं.’

ती उठून म्हणाली, “बाई, दुसरा दोर पण तुटायला आलाय का, ते तो बघत होता.”

मी काही बोलायच्या आत मागून अडखळत आवाज आला. तो, खोडरबरवाला. “दोर बघायचा... तर हात दोराला लावेल. होडीला कशाला?”

तिने खाली बघितलं. ओळीवर पुन्हा बोट ठेवलं, ‘होडीच्या कडेवर हात ठेवला’. वर्ग गप्प होता. ती तेवढंच वाक्य दोनदा वाचत होती, ओठ हलत होते.

“मग त्याची होडी त्याला आवडत असेल,” ती म्हणाली. “पण घाबरला पण असेल. एकच दोर राहिला होता ना. तुटला असता तर?”

मी टेबलावरची उत्तरसूची ओढली आणि ‘हायसं वाटलं’च्या पुढे लिहिलं: ‘किंवा, थोडक्यात वाचलो या विचाराने हादरला. एकच दोर उरला होता, यावरून.’